दीडचा आकडा कोणाच्या पोटासाठी?



पिण्याच्या पाण्याचे एक सरकारी मानक आहे. आयएस १०५०० असे त्याचे नाव. त्यात फ्लोराइडपुढे दोन आकडे छापले आहेत. पहिल्या रकान्यात लिटरला १ मिलिग्रॅम, दुसऱ्या रकान्यात दीड. योजनेच्या कागदावर आणि साहेबांच्या तोंडी असतो तो दीडच. दीडच्या आत असेल तर गाव ठीक, दीडच्या वर गेले तर गाव बाधित. पण त्या दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे, ते ग्रामसभेत कोणी वाचून दाखवत नाही. तिथे लिहिले आहे, पर्यायी स्रोत नसेल तर.

म्हणजे दीड हा चांगल्या पाण्याचा आकडा नव्हे, तो नाइलाजाचा आकडा आहे. चांगल्या पाण्याचा आकडा एक. मग प्रश्न सरळ आहे. हिंगोली जिल्ह्यात नाइलाज कोणाचा?

हिंगोली शहर सिद्धेश्वर धरणाचे पाणी पिते. पूर्णेवरचे सिद्धेश्वर आपल्या औंढा तालुक्यात. पैनगंगेवरचे इसापूर आपल्या कळमनुरीच्या हद्दीला लागून. धरणाचे पाणी म्हणजे पावसाचे पाणी, त्यात फ्लोराइड सहसा नगण्य असते. त्याच जिल्ह्यातली वाडी, तांडा, माळावरचे गाव पिते बोअरचे, दोनशे-तीनशे फुटांवरचे. धरण दोघांच्याही जिल्ह्यात आहे. शहराला पर्याय सापडला, तांड्याला सापडला नाही. पर्याय नसणे ही काही दैवी आपत्ती नाही. जलवाहिनी कुठे वळवायची हे माणसेच ठरवतात.

फ्लोराइडची गंमत अशी की ते थोडे असले तर दाताला चांगले. म्हणून अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली ते मुद्दाम पाण्यात मिसळायला सुरुवात झाली. आज तिथे सार्वजनिक नळाचे पाणी पिणाऱ्या दहांपैकी सुमारे सात जणांना असे पाणी मिळते. इंग्लंडमध्ये मिळते दहांपैकी एकाला. बर्मिंगहॅमला १९६४ पासून आहे, लंडनला नाही. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराने २००३ साली बंद केले. अमेरिकेतच युटा राज्याने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. त्यांचे चूक की बरोबर, हे त्यांचे त्यांनी पाहावे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. तिथे लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमसुद्धा नाही, अशा मात्रेवरून कायदेमंडळात भांडणे होतात, मतदान होते. आपल्याकडे बोअरमधून त्याच्या दुप्पट-तिप्पट आले तरी कोणी विचारत नाही, कारण मुळात कोणी मोजलेलेच नसते.

त्या अमेरिकेच्या जुन्या मानकात एक शहाणपणाची गोष्ट होती. १९६२ साली त्यांनी थंड प्रदेशासाठी १.२ आणि उष्ण प्रदेशासाठी ०.७ असा वेगवेगळा आकडा ठेवला. कारण उघड आहे, उन्हात माणूस जास्त पाणी पितो. २०१५ साली त्यांनी सगळीकडेच ०.७ केला. आणि आपण? नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली बसणाऱ्यालाही दीड आणि चैत्र-वैशाखात पऱ्हाटी उपटणाऱ्या बाईलाही दीडच.

जरा हिशेब करू. दिवसाला दोन लिटर पाणी पिणारा माणूस दीडच्या पाण्यातून ३ मिलिग्रॅम फ्लोराइड घेतो. रानात सहा लिटर पिणारा ९ घेतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अन्न-पाणी सगळे मिळून दिवसाला सुमारे ६ मिलिग्रॅमच्या वर गेले की हाडांना धोका संभवतो आणि १४ ला तो स्पष्ट दिसतो. तीच संघटना हेही सांगते की लोक पाणी किती पितात हे पाहून देशाने आपला आकडा ठरवावा. आपल्या देशाने पाहिले कोणाकडे? ज्याच्या घामाचा हिशेब कापसाच्या भावात धरला नाही, त्याच्या तहानेचा हिशेब पाण्याच्या मानकात कोण धरणार!

आता भाकरीची गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७० च्या दशकात तपासले होते. भात खाणाऱ्यापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या अंगात फ्लोराइड जास्त टिकून राहते. गुडघे आत वळून पाय वाकडे झालेली तरुण पोरे त्या संस्थेला सापडली तीही ज्वारी खाणाऱ्या फ्लोराइडग्रस्त पट्ट्यात. म्हणून कोणी भाकरी सोडू नये. दोष भाकरीचा नाही, पाण्याचा आहे. पण ज्वारीच्या मुलखाला एकचा आकडासुद्धा सैल पडेल की काय, असे विचारायचा हक्क आपल्याला त्यातून मिळतो.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. शेतीची पदवी घेऊन मी या भागात आलो तेव्हा खोल जा म्हणणाऱ्यांत मीही होतो. एका गावात नव्या बोअरला पाणी लागले. पाण्याचा सामू पाहिला, क्षार पाहिले, सोडियम पाहिले, जमीन चोपण होईल का ते सांगितले. बायका म्हणाल्या, पाणी गोड आहे, डाळ लवकर शिजते, साबणाला फेस चांगला येतो. मीही मान डोलावली. पिकासाठी पाणी तपासले, माणसासाठी तपासले नाही. डाळ लवकर शिजते म्हणजे पाण्यात कॅल्शियम कमी, हे मला ठाऊक होते. पण ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त, त्यात फ्लोराइड विरघळून राहायला मोकळे रान असते, हे तेव्हा डोक्यात आले नाही. कॅल्शियम भरपूर असले तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. चोपण जमिनीत आपण जिप्सम का टाकतो हे ज्याला कळते, त्याला ही गोष्टही कळायला हवी होती. म्हणून गोड लागते या भरवशावर राहू नका. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात दाट होते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे काळा पाषाण आहे, किनवटसारखा ग्रॅनाइट नाही. खरे आहे. शेजारी नांदेडच्या किनवटमध्ये, यवतमाळच्या पांढरकवडा आणि झरी-जामणीत फ्लोराइडचा त्रास जुना आहे आणि तिथला खडक वेगळा आहे. पण पाणी खडकात जितके खोल आणि जितकी वर्षे मुरते, तितके ते खडकातून जास्त उचलते. पाषाण काळा आहे हे काही तपासणीचे प्रमाणपत्र नव्हे. एकाच शिवारातल्या दोन बोअरचे आकडे वेगळे निघू शकतात.

बोअर आले तेव्हा ते उपकारच होते, हेही विसरू नये. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी आटल्या. पायऱ्यांच्या बारवांतून नारू पसरत होता, त्या सोडून हापशावर जाणे बरोबरच होते. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. चूक पुढची आहे. तात्पुरता उपाय कायमचा केला आणि दरवर्षी आणखी खोल गेलो.

तपासणी होत नाही का? कागदावर होते. जलजीवन मिशन २०१९ साली आले, त्यात प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरायचे शिक्षण, असे ठरले आहे. त्या संचात फ्लोराइडची चाचणी असते. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? आणखी एक फसगत होते ती हिरव्या कार्डाची. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल-पिवळे-हिरवे कार्ड हे स्रोताच्या परिसराची स्वच्छता आणि ब्लीचिंग पावडर पाहून दिलेले असते. त्यात फ्लोराइडचा काही संबंध नाही. हिरवे कार्ड भिंतीवर आणि पिवळे-तपकिरी पट्टे पोरांच्या दातांवर, असे एकाच गावात होऊ शकते. आठ वर्षांच्या आतल्या पोराच्या दातावर बसलेला तो डाग पुढे जात नाही. कंबर आणि मान ताठ झाली तर ती कोणत्याही इंजेक्शनाने वाकत नाही.

यंत्राचे पाणी हा मधला उपाय म्हणून ठीक आहे. आरओने फ्लोराइड निघते, पण बरेच पाणी वाया जाते आणि ज्याच्या खिशात पैसे तोच जार नेतो. रानात कोण जार नेतो?

नलगोंडा आणि आपण एकेकाळी एकाच निजामाच्या राज्यात होतो. तिथल्या लोकांनी १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत पाण्यासाठी काय केले ते आठवा. एका मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली, मतदान पुढे ढकलावे लागले. सरकारने त्याच वर्षी अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये केली. पाण्याआधी अनामत वाढली! पण पुढे तेलंगणाने २०१६ साली मिशन भगीरथ काढून गावोगाव धरणाचे, नदीचे पाणी नळाने न्यायला घेतले. म्हणजे पर्याय होता. तो आधीही होता.

तेव्हा जिल्हा बैठकीत मागणी एकच राहील. या जिल्ह्यासाठी एकचा आकडा धरा, आणि ज्या गावाचे पाणी एकच्या वर निघेल त्याला निदान पिण्या-शिजवण्यापुरते तरी सिद्धेश्वर-इसापूरचे पाणी द्या. प्रत्येक पाण्याच्या टाकीवर फ्लोराइडचा आकडा आणि तपासल्याची तारीख रंगाने लिहा.

मागणीबरोबर आकडे लागतात. येताना प्रत्येक गावाने आपल्या पिण्याच्या बोअरचे एक लिटर पाणी आणावे. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी, काचेची नको. आधी हापसा पाच मिनिटे मारून पाणी सोडून द्यावे, त्याच पाण्याने बाटली तीनदा खळाळून घ्यावी, गळ्यापर्यंत भरावी. चिठ्ठीवर गाव, बोअर कोणाच्या दारात आहे, खोली किती फूट आणि तारीख लिहावी. शाळेजवळच्या हापशाची बाटली वेगळी आणावी.