शिकते म्हणून नाव कापू नका

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातले धनेगाव माणसांनी फुलून जाते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेले गोंड बांधव दरेकसा स्थानकावर उतरतात आणि सप्तरंगी झेंडे घेऊन कचारगडच्या गुहेची वाट धरतात. कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती, असे गोंडी परंपरा सांगते. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर यांनी त्यांची सुटका केली. दारावरचा दगड हटवताना हिरासुकाने प्राण गमावला. पण कथा सुटकेपाशी थांबत नाही. लिंगोने त्या मुलांना शिष्य केले, शिकवले आणि त्यांच्यातूनच कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, सगा-व्यवस्था (कुळांची रचना) उभी राहिली. मुलांना बाहेर काढणे आणि त्यांना शिकवणे ही दोन्ही कामे जिथे एकाच श्वासात सांगितली जातात, त्या भूमीत आज शिकू पाहणाऱ्या दिव्यांग मुलामुलींची अवस्था काय आहे, हे शासनाने पाहावे अशी आमची मागणी आहे.

कचारगडच्या डोंगराच्या आसऱ्याने राहणारी, सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेली, बारावी झालेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला गोंदियाला जाऊन पुढे शिकायचे आहे. घरी प्राधान्य गटाचे रेशनकार्ड आहे, तिच्या नावावर निराधारचे पैसे येतात. अशा घरात पहिली चर्चा विषय कोणता घ्यायचा याची होत नाही. कॉलेजात नाव घातले तर पैसे बंद होतील का, कंट्रोलच्या धान्यातून पोरीचे नाव कटेल का, हेच आधी विचारले जाते. तलाठ्यापासून सेतू केंद्रापर्यंत विचारून पाहा, प्रत्येक जण वेगळे सांगेल. ज्या घरात पाच किलो तांदळाचाही हिशोब असतो, तिथे असा संभ्रम शिक्षण थांबवायला पुरेसा ठरतो.

खरे तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या निकषांत शिक्षण हा अपात्रतेचा मुद्दा नाही. अन्नसुरक्षा कायद्यातही विद्यार्थी म्हणून कोणाचे धान्य थांबवा, असे म्हटलेले नाही. अडचण आहे ती उत्पन्नाच्या मर्यादेत. निराधार योजनेसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. ग्रामीण भागात प्राधान्य गटाच्या रेशनसाठी ४४,०००. आदिवासी विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाख. घर एक, चूल एक, आणि ते घर गरीब आहे की नाही हे ठरवणारी मापे एवढी निरनिराळी! २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे आईबाप दोघांनी मिळून वर्षात १४२ दिवस या दराने घाम गाळला, तर रेशनची मर्यादा ओलांडली जाते. १६१ दिवसांत दिव्यांगांसाठीची मर्यादाही मागे पडते. मोहफूल आणि तेंदूपत्ता यांची कमाई तर यात धरलेलीच नाही.

आता यात शिक्षणाची मदत मिळवून पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ४३,००० रुपये मिळतात: भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,०००. हे पैसे घराचे उत्पन्न नव्हेत. ते खोलीभाड्यात आणि खाणावळीत जातात. पण एखाद्या कारकुनाने ते उत्पन्नात धरले, तर रेशनच्या मर्यादेला फक्त हजार रुपये उरतात. दिव्यांगांचे निराधार अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले, ही वाढ स्वागतार्हच आहे. मात्र ही रक्कमही वर्षाला ३०,००० होते. एका खात्याने दिलेला आधार दुसऱ्या खात्याच्या कागदावर श्रीमंतीचा पुरावा ठरू नये, एवढी साधी गोष्ट शासन निर्णयात ठळकपणे का लिहिली जात नाही?

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी अन्नसाहाय्य सहसा नाकारले जाते, आणि त्यावरून तिथे सतत टीका होते. पण दिव्यांगत्वामुळे काम करू न शकणाऱ्याला त्या नियमातून स्पष्ट सूट आहे. गरीब दिव्यांगांच्या भत्त्यासाठी उत्पन्न मोजताना शिकवणी शुल्कावर खर्च होणारी शिष्यवृत्ती धरली जात नाही, आणि बावीस वर्षांखालील विद्यार्थ्याच्या कमाईचा काही भागही वगळला जातो. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. तरीही काय मोजायचे आणि काय नाही, हे नियमात लिहिलेले असल्याने विद्यार्थी त्यावर बोट ठेवून भांडू शकतो. सालेकशातल्या मुलीच्या हाती तसा कागद नाही.

सिकलसेलचा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण हा आजार वरून दिसत नाही. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक कुटुंबांत तो पिढ्यान्पिढ्या आहे. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे किंवा अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त होते आणि सांध्यांत, छातीत असह्य कळा सुरू होतात. चार-सहा दिवस अंथरूण सुटत नाही. मग मुलगी बरी दिसू लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश केला, हे मोठेच पाऊल होते. परंतु बहुतेक लाभ ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अडतात, आणि चढउतार होणाऱ्या वेदनेला टक्के लावणे किती अवघड आहे, हे तपासणारे डॉक्टरही जाणतात. शिवाय जन्मभर साथ न सोडणाऱ्या आजाराचे प्रमाणपत्र मुदतीचे मिळते. ऐन परीक्षेच्या दिवसांत ती मुदत संपली तर मुलीने गोंदियाच्या रुग्णालयात रांग लावायची की पेपर लिहायचा?

त्यात ७५ टक्के हजेरीची अट. कळा आल्या म्हणून वर्ग बुडतात, वर्ग बुडाले म्हणून शिष्यवृत्ती अडकते. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखून ठेवणाऱ्या याच कायद्याने वाजवी सवलती देण्याचे बंधनही घातले आहे. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले, की अशा सवलतींचा हक्क ४० टक्क्यांच्या रेषेवर संपत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाबाबत निकाल देताना, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून त्याला अपात्र ठरवता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांना एक परिपत्रक काढून सिकलसेलच्या आजारपणातील गैरहजेरी हजेरीच्या हिशोबातून वगळावी. त्यासाठी नवा कायदा नको, पैसाही नको.

सरकार काहीच करत नाही, असे आमचे म्हणणे नाही. सिकलसेलग्रस्तांना एसटीचा प्रवास मोफत आहे. रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य आहे. राज्यात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. पण प्रवास मोफत असून पोहोचायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. प्रमाणपत्र गोंदियाला, निराधारचा अर्ज सालेकशाच्या तहसीलमध्ये, आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय देवरीला. ज्या शरीराला दगदग सोसत नाही, त्यालाच आपण तीन दिशांना पळवतो. प्राधान्य गटात माणशी पाच किलो धान्य मिळते, त्यामुळे मुलगी वसतिगृहात गेली की तिचा वाटा राहील का, ही घरच्यांची धास्तीही रास्त आहे. ती सुटीत आणि आजारपणात घरीच येते, तिचे ताट घरातून उठलेले नसते.

स्वतंत्र दिव्यांग विभाग असण्याचा उपयोग इथे दिसला पाहिजे. शिष्यवृत्ती, स्वयम् योजनेची रक्कम आणि निराधार अनुदान कुटुंबाच्या उत्पन्नात धरू नये, असा एक संयुक्त आदेश महसूल, पुरवठा, आदिवासी विकास आणि दिव्यांग कल्याण या विभागांनी काढावा आणि तो प्रत्येक रेशन दुकानावर मराठीत व गोंडीत लावावा. शिक्षण सुरू असेतो, आणि पहिली नोकरी लागल्यावरही काही काळ, अनुदान चालू ठेवावे. पहिल्या पगारालाच आधार काढून घेतला तर नोकरी स्वीकारण्याचीच भीती वाटेल. कचारगडच्या यात्रेसाठी दरवर्षी सारे प्रशासन धनेगावात हजर असते. त्याच दिवसांत तिथे वैद्यकीय मंडळ बसवून तपासणी करावी, उत्पन्नाचे दाखले द्यावेत, निराधारचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच मंडपात भरून घ्यावेत. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा त्या मुलीच्या हातात सगळे कागद असतील, इतका अवधी माघापासून नक्कीच मिळतो. गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्याचा आदेश आताच काढावा.