समानुभवी सोबती

संघाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी बाजारभाव, करपद्धती आणि दानधर्म या विषयांवर लेख येतात. यंदा चिटणीसांनी मजकडे लेखाची मागणी केली. मी विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, "हा विषय घरातला नव्हे का?" घरातलाच आहे, आणि म्हणूनच तो येथे मांडीत आहे.

ऑटिझम या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला पुरता पटत नाही. माझा पुतण्या स्वतःत मग्न असतो म्हणून गप्प बसत नाही. पंख्याची घरघर, हमालांची हाक, शेजारच्या गाळ्यातील रेडिओ, गिऱ्हाइकाचे बोलणे, हे सर्व त्याला एकाच वेळी, सारख्याच जोराने ऐकू येते, म्हणून तो गप्प बसतो. अशी व्यक्ती जन्मतःच तशी असते. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून बराच काळ ही केवळ बालकांची आणि अत्यंत विरळ गोष्ट समजली जाई. 1981 साली लॉर्ना विंग या इंग्रज विदुषींनी, नीट बोलणारी, शिकलेली, नोकरीधंदा करणारी माणसेही यात मोडतात, याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. तोपर्यंत आणि त्यानंतरही दोन पिढ्या तशाच वाढल्या. आपल्या पेढ्यांवर मागल्या खोलीत बसून खतावणी लिहिणारे, लग्नकार्यात न दिसणारे, "जरा विक्षिप्त, पण हिशेबाला पक्का" असे ज्यांचे वर्णन होई, ते काका-मामा वाचकांनी आठवून पाहावेत. त्यांतील प्रत्येक जण तसाच होता असे मी म्हणत नाही.

आमच्या घरी ही गोष्ट उलट दिशेने कळली. थोरल्या पुतणीचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याचे निदान झाले. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न ऐकता ऐकता ती म्हणाली, "हे तर माझ्या भावाचे लहानपण." पुढे बेंगळुरूस तज्ज्ञांकडे तीन भेटी झाल्या आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुतण्याच्या हाती अहवाल आला. त्या वेळी धाकटीची स्थळे पाहणे चालू होते. हे बाहेर बोलू नये, असा सल्ला घरात दिला गेला. तो सल्ला माझाच होता.

त्यानंतरचे आठ महिने त्याने कसे काढले हे मला पुष्कळ उशिरा कळले. तो रोज पेढीवर येई, रोजमेळ बिनचूक लिही, आणि रात्री झोपत नसे. लहानपणी शाळेत खाल्लेला मार, मोडलेली मैत्री, "तुला माणसांत वागता येत नाही" हे वडिलांचे नित्याचे वाक्य, हा सारा जुना हिशेब तो नव्या खात्यावर ओढून पुन्हा मांडीत होता, आणि वांधा दाखविण्यास समोर कोणी नव्हते. 2014 साली इंग्लंडमधील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रौढ वयात असे निदान झालेल्या 374 व्यक्ती तीत होत्या. उत्तर देणाऱ्यांपैकी 66 टक्के लोकांनी आत्मघाताचा विचार केव्हा ना केव्हा मनात आल्याचे सांगितले होते. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा रविवार पेठेतल्या गाळ्यात बसलो होतो, आणि मागल्या खोलीत तो काय करीत आहे हे उठून पाहून आलो.

त्याला सावरले ते डॉक्टरांनी नव्हे, आणि आम्ही तर नव्हेच. त्याच तज्ज्ञांच्या ओळखीने एका गृहस्थांचा संदेश आला. वय पंचावन्न, निवृत्त ड्राफ्ट्समन, स्वतःचे निदान पन्नाशीत झालेले. त्यांनी फोन केला नाही, कारण फोनवर बोलणे दोघांनाही नकोसे. त्यांनी लिहिले. पहिल्या पत्रात उपदेशाचे एक अक्षर नव्हते. निदानानंतर आपण कपाट आवरण्यात सहा आठवडे कसे घालविले, एवढेच होते. पुतण्याने त्या रात्री तीन पानी उत्तर लिहिले.

अशा माणसास आपण काय म्हणावे? 'समदुःखी' हा शब्द मी सुचविला. तो पुतण्याने नाकारला. "काका, यात दुःख मुळात नव्हते, ते मागाहून जोडले गेले," असे तो म्हणाला. मग 'समानुभवी सोबती' हा शब्द ठरला.

हा सोबती काय करतो? तो औषध सांगत नाही, निदान करीत नाही, निर्णय देत नाही. घरी कसे सांगावे, सांगावेच का, कार्यालयात दिव्याचा त्रास होतो हे मालकास कोणत्या शब्दांत कळवावे, 2016 च्या कायद्याने ऑटिझम हे दिव्यांगत्व मानले आहे तर प्रमाणपत्र घ्यावे की न घ्यावे, यांविषयी आपण काय केले व काय चुकले ते सांगतो. ऐकलेले कोठे बोलत नाही. समोरच्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्तता बाजूस ठेवून डॉक्टरांकडे किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकाकडे पोहोचवितो. हे शिकावे लागते. केवळ निदान झाले म्हणून कोणी सोबती होत नाही. पुतण्या आता चार वर्षे हे काम करीत आहे. दोघांहून अधिक जणांची जबाबदारी एका वेळी घेत नाही. गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने त्याला संतापून फार कठोर लिहिले, तेव्हा तो दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या ड्राफ्ट्समन मित्रास लिहिले, आणि मगच त्या तरुणास. सोबत्यालाही सोबती लागतो.

कोणी म्हणेल, शिकलेला समुपदेशक असताना हे कशाला? 2020 साली एडिनबर्गच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठ माणसांच्या रांगा लावून पहिल्यास एक गोष्ट सांगितली व ती कानोकान शेवटपर्यंत नेली. सर्व ऑटिस्टिक माणसांच्या रांगेत गोष्ट इतरांच्या रांगेइतकीच शाबूत पोहोचली. जेथे दोन्ही प्रकारची माणसे मिसळली होती तेथे ती अधिक गळाली. म्हणजे या मंडळींना बोलता येत नाही असे नाही. आपल्या त्यांच्यामधल्या वाटेवर माल सांडतो, आणि त्याचे खापर आजवर आपण एकट्या त्यांच्यावर फोडीत आलो.

आपल्या समाजाला हे तत्त्व नवे नसावे. सम्यग्दर्शनाची आठ अंगे आपण पाठशाळेत शिकलो. त्यांत उपगूहन आहे आणि त्याला लागूनच स्थितिकरण आहे. उपगूहनाची कथा जिनेंद्रभक्त श्रेष्ठींची; ती आम्हा व्यापाऱ्यांस फार प्रिय, कारण झाकणे आम्हास चांगले जमते. मी पुतण्याचा अहवाल कपाटात ठेवला तेव्हा मनास हेच नाव दिले होते. परंतु श्रेष्ठींनी झाकला तो दुसऱ्याचा अपराध, धर्माची निंदा होऊ नये म्हणून. येथे अपराध कोणता होता? स्थितिकरणाची कथा वारिषेणांची. दीक्षा घेऊनही ज्याचे मन घराकडे ओढत होते त्या पुष्पडालास त्यांनी स्थिर केले. ते राजपुत्र होते आणि राजवाडा स्वतः सोडून आले होते; न सोडलेल्या माणसाने तेच सांगितले असते तर पुष्पडालाने ऐकले असते, असे मला वाटत नाही.

1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पुढे गावोगावी बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातून ट्रंक घेऊन आलेल्या नवख्या मुलास पहिल्या रात्री धीर कोण देई? अधीक्षक नव्हेत, दातेही नव्हेत. मागल्या वर्षी तसाच रडत आलेला मुलगा. या कामी देणगीची विशेष गरज नाही. गरज आहे ती ज्या घरांत असा अहवाल कपाटात आहे, त्या घरांनी तो बाहेर काढण्याची, आणि त्या माणसाची स्वतःची इच्छा असेल तर आठवड्यातून दोन तास त्याला पेढीवरून मोकळे करण्याची. इच्छा नसेल तर त्याचा आग्रह कोणी धरू नये. स्थळांविषयी म्हणाल, तर धाकटीचे लग्न ठरले. मुलाकडच्यांना आम्ही आधी सांगितले होते, एक स्थळ त्यापायी मोडलेही होते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

संघाच्या इमारतीतील वरची लहान खोली महिन्यातून एक रविवार द्यावी, अशी विनंती मी कार्यकारिणीस करीत आहे. सूचनाफलक नको, उद्घाटन नको. पुतण्याने खोली पाहिली आहे. त्याची हरकत एकच निघाली, की तेथील ट्यूबलाइट गुणगुणते. ती मी बदलून देतो.