पाणी प्यायचं खरं, पण जायचं कुठं?

परवा एसटी स्टँडवर ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. लेकीच्या कॉलेजच्या कामासाठी जिल्ह्याच्या गावाला निघाल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर हात आखडता घेत म्हणाल्या, "नको गं बाई. प्रवास असला की मी सकाळचा चहासुद्धा अर्धा कपच घेते. संध्याकाळी घरी गेल्यावर पिईन तांब्याभर एकदमच."

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणी असंच करतात? शाळेतल्या बाई सुट्टी होईपर्यंत कळ काढतात. बाजारात भाजी घेऊन बसलेली मावशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जागची हलत नाही. लग्नाला जायचं तर भरजरी साडी आणि कार्यालयातल्या एकुलत्या एका संडासापुढची रांग, म्हणून पाणीच नको. आणि पाळीच्या दिवसांत शाळेत जाणाऱ्या आपल्या मुली? त्या तर डबा खाऊनही पाण्याला हात लावत नाहीत.

मग कधीतरी 'उन्हाळी लागते'. हा आपला जुना शब्द. जळजळ होते, थेंब थेंब लघवी होते, सारखं जावंसं वाटतं. आपण म्हणतो उष्णता वाढली. सब्जा भिजत घालतो, धण्या-जिऱ्याचं पाणी करतो. त्यात वाईट काहीच नाही, तेवढंच पाणी पोटात जातं! पण पुष्कळदा ती उष्णता नसते, जंतूंचा संसर्ग असतो, आणि तो नुसत्या सब्जानं जाईलच असं नाही.

हे दुखणं बायकांनाच जास्त का? तर आपला मूत्रमार्ग असतो जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांचा साधारण वीस. शिवाय शौचाची जागा अगदी जवळ. त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. (म्हणूनच धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यावा. मुलींना लहानपणीच शिकवावं.) भरपूर लघवी झाली की हे जंतू धुऊन निघतात. आपण पाणी प्यायलो नाही आणि वर तासन् तास दाबून धरलं, तर तिथंच त्यांचं फावतं. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी, नाजूक होते, मग त्रास आणखी वाढतो.

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात! त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि दीडेक लिटर लघवी बाहेर पडते. पाणीच कमी मिळालं तर लघवी घट्ट होते, त्यातले क्षार एकमेकांना चिकटून खडा होऊ शकतो. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे त्या म्हणतात, बाळंतपण परवडलं.

पाण्याचा उपयोग होतो का, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याजणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, गोळी नाही, नुसतं पाणी.

किती प्यावं? आठ ग्लासांचा काही कायदा नाही. रानात काम करणारीला जास्त लागतं, सावलीत बसणारीला कमी. ताक, सरबत, वरणाचं पाणी सगळं हिशेबात धरायचं. लघवी फिकट पिवळी होत असेल तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय असं समजावं. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर ती पिवळीधमक दिसते, घाबरू नका.) एकदम तांब्या रिचवण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं प्यावं. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं. त्यांनी हे वाचून ते मोडू नये.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं, उलट्या झाल्या, किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईनं तर साधी जळजळही अंगावर काढू नये. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, आणि आपल्या मध्येच सोडू नयेत.

हे सगळं त्या वहिनींना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "पटतंय गं, पण जायचं कुठं?" आणि त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत पाणी नव्हतं, आतल्या दाराला कडी नव्हती. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, बायका फिरू लागल्या, फार चांगलं झालं. पण त्यांनी उतरल्यावर जायचं कुठं, हा विचार तिकिटाबरोबर झाला नाही.

मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टु पी' नावाची मोहीमच चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असं का, हा त्यांचा साधा सवाल होता. पुण्याचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक तर थेट कोर्टात गेलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेशी, स्वच्छ स्वच्छतागृहं करायला सांगितलं. आदेश महापालिकांना होता. पण नगरपालिकेच्या गावातल्या बायकांची मूत्रपिंडं काही वेगळी असतात का?

आपल्या भिशीत, महिला मंडळात हा विषय निघत नाही, कारण लाज वाटते. पुढच्या बैठकीत एक साधा अर्ज लिहा: बाजारात आणि स्टँडवर बायकांसाठी मुतारी, आत पाणी, दिवा आणि कडी. खाली पन्नासजणींच्या सह्या घ्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. शाळेच्या पालकसभेत मुलींच्या स्वच्छतागृहाची चौकशी करा. जमलं तर स्वतः आत जाऊन बघून या.

त्या वहिनींची गाडी तेवढ्यात लागली. बाटली मी त्यांच्या पिशवीत कोंबली, पण झाकण काही त्यांनी उघडलं नाही.