काम नसलेल्या दिवसाची मजुरी

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात गोदीची गोष्ट कशास, असे वाचक विचारतील. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या शहराचे जहाजांशी नाते जुने आहे. सतराव्या शतकात येथील तलम कापड बैलगाड्यांतून सुरतेस जाई आणि सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगरलेल्या जहाजांवर चढे. पुढे आगगाडी आली व या मुलखातला कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. वॅगनीत गाठी भरणारा हमाल येथला, त्याच गाठी जहाजाच्या पोटात रचणारा मुंबईचा. ओझे मात्र एकच.

त्या गोदी कामगाराचा खरा जाच ओझ्याचा नव्हता, अनिश्चितीचा होता. जहाज लागले तर काम, न लागले तर उपवास. टोळीवाला अथवा मुकादम ज्यास बोलावील त्यास त्या दिवसाची मजुरी; बाकीच्यांनी आल्या पावली परतावे. मर्जी राखण्यासाठी काय काय करावे लागे, हे सांगावयास नको.

लंडनमध्येही हेच होते. तेथील गोदी कामगारांनी १८८९ साली संप केला तेव्हा त्यांची एक मागणी तासाला सहा पेन्स मिळावेत अशी होती; दुसरी, आमच्या मते अधिक शहाणपणाची, एकदा कामास घेतले की निदान चार तासांचे काम मिळावे अशी. सुमारे पाच आठवड्यांनी तो संप मिटला. त्या समेटात एक्याऐंशी वर्षांचे कार्डिनल मॅनिंग मध्यस्थ होते. दोनच वर्षांनी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्र निघाले.

आपल्या देशात १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला, व १९५१ साली मुंबईसाठी योजना आली. कामगारांची नोंदवही झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले; आणि हजेरी लावूनही काम न मिळाल्यास हजेरीचा पैसा मिळू लागला. काम नसलेल्या दिवशीही माणसाला पोट असते, हे सरकारी कागदावर प्रथमच आले म्हणाना! या कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो १९५८ साली निवर्तले. मुंबईचा जुना फ्रिअर रोड आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे कंटेनर आले. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले. पूर्वी टोळ्या दिवसचे दिवस जो माल उपसत, तो क्रेन पेटीसकट उचलू लागली आणि टोळ्या ओसरल्या.

जमिनीवरील हमालांस तसेच संरक्षण देणारा माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला. मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. परंतु हा कायदा महाराष्ट्राचा. रावेर ओलांडून बऱ्हाणपुराकडे आले की त्याची हद्द संपते. माणसे तीच, मराठीही तीच, केळीचे घडही तेच.

इकडे मंडीतल्या हमालास मंडी समितीचा परवाना असतो. मंडीबाहेर, मळ्याच्या बांधावर ट्रक भरणाऱ्याचे नाव कोणत्या वहीत आहे? आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या केळीच्या बागा आहेत. पावसाने रस्ता बंद होऊन ट्रक न आल्यास माल भरावयास आलेला गडी त्या दिवशी घरी काय नेतो, हे त्यांनी त्यालाच विचारून पाहावे.