विश्लेषण : रविवारच्या मिस्सेपलीकडे… चर्चच्या कारभारात सामान्यांचा आवाज किती?

मिस्सा, सण, लग्न आणि अंत्यविधी यांखेरीज सामान्य ख्रिस्ती माणसाचे चर्चशी नाते काय असावे, यावर कॅथलिक चर्चने २०२१ पासून जगभर चर्चा घडवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा अंतिम दस्तावेज आला. ही प्रक्रिया सुरू करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांचे एप्रिल २०२५ मध्ये निधन झाले. आता पोप लिओ चौदावे यांच्या काळात अंमलबजावणीचा टप्पा सुरू आहे आणि वसई, मुंबई, पुणे, गोव्यातील धर्मग्रामांपर्यंत तो पोहोचणे अपेक्षित आहे. विषय वरवर रूक्ष वाटतो. पण धर्मग्रामाचे पैसे कुठे खर्च झाले, हे विचारण्याचा हक्क कोणाला, इथपर्यंत तो येतो.

सिनड म्हणजे काय?

‘एकत्र चालणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सिनड हे नाव आले. पोपना सल्ला देणारी बिशपांची सिनड १९६५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी स्थापन केली. तिच्या बैठका होत, त्या मुख्यतः बिशपांच्या. या वेळी सुरुवात खालून झाली. धर्मग्रामांत लोकांची मते घेतली गेली, ती धर्मप्रांतांकडून देशपातळीवर आणि पुढे व्हॅटिकनकडे गेली. २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये दोन अधिवेशने झाली, तीही गोल टेबलांभोवती. कार्डिनल, धर्मभगिनी आणि प्रापंचिक एकाच टेबलावर. आधी प्रत्येकाने बोलायचे, मग काही काळ शांतता, नंतर स्वतःचे न रेटता इतरांचे काय भिडले ते सांगायचे. (आपल्याकडच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभांना ही पद्धत लावून पाहण्यासारखी आहे.)

२०२३ मध्ये ५४ महिलांना मताचा अधिकार होता. सिनडच्या इतिहासात असे प्रथमच घडले. अंतिम दस्तावेजातील सर्वाधिक विरोधही महिलांच्या प्रश्नावरच झाला. महिलांना डीकनपद देण्याचा प्रश्न खुला ठेवणाऱ्या परिच्छेदाच्या विरोधात ९७ मते पडली. बाजूने २५८ पडल्याने तो मंजूर झाला.

गोची कुठे आहे?

बातम्या महिलांच्या डीकनपदाच्या झाल्या. धर्मग्रामातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. धर्मग्राम परिषद मात्र बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन करायची, आणि तिचे मत केवळ सल्लागाराचे. प्रमुख धर्मगुरूंनी तो सल्ला बाजूला ठेवला, तर कायद्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सेन्सर बसवला आहे, पण त्याची तार कंट्रोलरला जोडलेली नाही.

सिनडच्या दस्तावेजाने अशा परिषदा बंधनकारक कराव्यात, असा आग्रह धरला आहे. एकमताने आलेला सल्ला सबळ कारणाशिवाय डावलू नये, डावलल्यास कारण सांगावे, असेही त्यात आहे. शिवाय हिशेब आणि कामाचा वार्षिक अहवाल द्यावा, पदावरील व्यक्तींच्या कामाचे मूल्यमापन व्हावे, अशा सूचना आहेत. अंतिम निर्णय धर्मगुरू आणि बिशप यांच्याकडेच राहील, हेही तितकेच स्पष्ट आहे. ही लोकशाही नव्हे, असे पोप फ्रान्सिस वारंवार सांगत. जर्मनीत २०१९ पासून चाललेल्या अशाच एका प्रयत्नाला तर व्हॅटिकनने २०२२ मध्ये जाहीर समज दिली होती.

आपल्याकडे हे नवे आहे का?

फारसे नाही. चर्च म्हणजे ‘समूहांचा समूह’ असावा, असे आशियाई बिशपांच्या महासंघाने १९९० मध्येच म्हटले होते. आज त्याच महासंघाचे अध्यक्षपद गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव यांच्याकडे आहे. मुंबईत १९८० च्या दशकापासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे छोटे समूह चालतात. बायबलवाचन, आजाऱ्यांची विचारपूस, वस्तीतल्या पाण्याचा प्रश्न असे सगळे त्यात येते. चर्चच्या बाकावर शेजारी बसणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, ती अशा बैठकांमुळे.

त्याहीआधी, १९१७ मध्ये कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग फार फोफावू शकला नाही. पण मिशनऱ्यांच्या पगारावर आणि हुकमावर चालणारे चर्च इथल्या माणसाला आपले वाटेल का, हा त्यांचा प्रश्न सिनडच्या प्रश्नाचा थेट पूर्वज आहे.

मग थेट मतदानच का नको?

त्याचाही अनुभव जवळच आहे. नागपुरात १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याच्या सिनडमध्ये बिशप आणि पाळकांबरोबर निवडून आलेले प्रापंचिकही बसतात, मत देतात. तरीही मालमत्तेचे आणि पदांचे वाद न्यायालयांपर्यंत गेलेच. मताचा अधिकार दिला की समूह घडतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र तिथे वाद निदान उघड्यावर येतात, आणि माझ्या मते ही छोटी गोष्ट नाही.

दुसरा पेच जातीचा. कॅथलिक बिशपांच्या भारतीय परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये भेदभाव असल्याचे मान्य केले. परिषदा बंधनकारक झाल्या आणि त्यांत गावातली जुनी वजनदार घराणीच बसली, तर अहिल्यानगर किंवा मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या पदरात काय पडणार?

पुढे काय?

ठरलेल्या वेळापत्रकानुसार २०२७ च्या पूर्वार्धात धर्मप्रांतांनी मेळावे घेऊन अंमलबजावणीचा आढावा घ्यायचा आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात देशपातळीवर, २०२८ च्या सुरुवातीला खंडपातळीवर आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये महामेळावा होईल. जगभराचा चर्च कायदा बदलायला वेळ लागेल. पण आपल्या धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामात परिषद स्थापन करायची, तर धर्मगुरूंच्या मंडळाचे मत घेऊन बिशप ती आजही करू शकतात. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद आहेच.