केंद्रातून सुटल्यावर तो राहणार कुठे?

"सिस्टर, सुटला ना आता? मग घरी नेते त्याला." व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभी असलेली आई किंवा बायको असे म्हणते, तेव्हा तिचा आनंद बघून आम्हालाही बरे वाटते. पण पोटात गोळाही येतो. घर कुठे आहे ते आम्हाला माहीत असते. दहा बाय बाराची खोली, गल्लीच्या तोंडाशी देशीचा गुत्ता, ओट्यावर बसलेले जुने सोबती, आणि संध्याकाळी सहानंतर येणारी प्रत्येक हाक ओळखीची.

वॉर्डात नर्स होतो तेव्हा आम्हाला वाटायचे, दारू उतरली की काम झाले. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. त्यात जीवही जातो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे, घरात कोंडून नव्हे. पण एवढे झाले म्हणजे माणूस बरा झाला असे नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, तलफ अचानक उसळते. हे कित्येक महिने चालते आणि पहिल्या तीन महिन्यांत घसरण्याचा धोका फार असतो.

वस्तीतल्या एका भावाचे सांगतो. हमाली करणारा, स्वभावाने गरीब. केंद्रातून घरी आला आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या हळदीत पुन्हा प्याला. त्याआधी घरात काय चालले होते? बायको त्याचे तोंड हुंगायची, खिसे तपासायची, पर्स उशाखाली ठेवून झोपायची. तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही, तिने दहा वर्षे मार खाल्ला होता. पण नवरा-बायकोचे पोलीस आणि चोर झाले. लोक म्हणाले, मुळातच नालायक. खरे तर चूक आमचीही होती. आम्ही त्याला गोळ्या विचारल्या, भूक विचारली. राहणार कुठे, हे विचारले नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. घरात दुसरे कोणी पीत नसेल, बायको-मुलांना त्याची भीती नसेल, गुत्ता दारात नसेल, तर खुशाल घरी न्या. नाहीतर पहिले तीन ते सहा महिने त्याने दारू नसलेल्या दुसऱ्या जागी राहावे. हे घराबाहेर काढणे नव्हे. हाड मोडले की प्लास्टर घालतो, त्यात पायाचा अपमान नसतो. आणि बाईलाही ते महिने शांत झोप मिळू दे. "नवरा सांभाळता आला नाही" हे तिला ऐकवणाऱ्यांनी आधी एक रात्र त्या खोलीत काढावी.

अशा जागेला हाफवे होम म्हणतात. आपल्याकडे ती कमी आहेत आणि केंद्राच्या नावाखाली पैसे उकळणारेही आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. उपचार करणारी जागा असेल तर नोंदणीचा कागद मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात. या कायद्याने साखळीने बांधणे, जबरदस्तीने डोके भादरणे, सक्तीने राबवून घेणे यांना मनाई आहे. फोनचा आणि भेटीचाही हक्क आहे. वेळेचे नियम असू शकतात, पण कायमची बंदी असेल तर तिथून परत फिरा.

मग विचारा: माणूस घसरला तर काय करता? रात्री रस्त्यावर काढता, मारता, की डॉक्टरकडे नेता? तो कामावर जाऊ शकतो का, स्वयंपाक-झाडलोट सगळे मिळून करतात का? डॉक्टरांनी दिलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू ठेवतात की बंद करायला लावतात? पैशाची पावती देतात का? आडनाव कळल्यावर वागणूक बदलते का, हेही बघा. तिथे राहून गेलेल्या एखाद्याला गाठून एकट्याने विचारा. आणि जो "शंभर टक्के सुटेल" अशी हमी देतो, त्याच्या दारातूनच मागे या.

बहिणींनाही व्यसन असते, ते जास्त लपवले जाते. त्यांच्यासाठी वेगळी, बायकांनी चालवलेली जागाच बघा.

हाफवे होम आणि एकत्र राहण्याची घरे उभारणे किंवा त्यांना मदत करणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे हाच कायदा सांगतो. ते मागितले पाहिजे, नगरसेवकापासून आमदारापर्यंत. पण तोवर हात बांधून बसायचे का? १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक हाफवे होम बंद पडत होते. तिथल्या माणसांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. कारभार मतदानाने, भाडे सगळ्यांनी वाटून, आणि जो पिईल त्याने घर सोडायचे, एवढे नियम केले. मालक नाही, पगारी वॉर्डन नाही. ऑक्सफर्ड हाऊस नावाने अशी घरे पुढे शेकड्यांनी उभी राहिली.

हे आपल्याला अवघड नाही. गुत्त्यापासून लांबच्या गल्लीत एक खोली, चार-पाच जण, वाटून भाडे, आणि कित्येक वर्षे न पिणारा एखादा थोरला सोबतीला. घसरलेल्याला मात्र रस्त्यावर नाही, दवाखान्यात न्यायचे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक, तिला फी नसते. विहाराची जागा त्यासाठी मिळाली तर उत्तमच. १४ एप्रिलची मिरवणूक, हळदी, पगाराचा दिवस, या दिवशी त्याच्याबरोबर कोण असेल हे आधी ठरवा. तलफ आली तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, मन फारच खचले तर १४४१६.

पाचवे शील आपण विहारात एका सुरात म्हणतो. ते पाळायला एखाद्या भावाला काही महिने वेगळी खोली लागत असेल, तर ती शोधून देणे हे त्याच्या बायकोचे एकटीचे काम नाही. पुढच्या वेळी वस्तीतले कोणी केंद्रातून सुटले की हार घेऊन जाण्याआधी एवढे विचारा: आज रात्री तो कुठे झोपणार आहे?