लॅपटॉप घेताना पैसे कुठे घालावेत

चाळीस हजारांच्या आतबाहेर लॅपटॉप शोधत असाल, तर माझी पहिली विनंती ही की खोक्यावरचं प्रोसेसरचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा. विक्रेता ते सगळ्यात आधी सांगतो, आणि आपणही ‘आय५ आहे ना?’ एवढं विचारून निम्मी खरेदी उरकतो. त्याऐवजी त्याला असं विचारा: यातलं काय मला पुढे बदलता येईल, आणि काय कधीच नाही? एसएसडी बदलता येते. बॅटरी बदलता येते. रिकामा स्लॉट असेल तर रॅम वाढवता येते. प्रोसेसर मात्र आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डाला कायमचा जोडलेला असतो. चांगली स्क्रीन मागाहून बसवणं सहसा परवडत नाही. कीबोर्ड बोटांना रुचेल असा असणं आणि बिजागरी दणकट असणं या गोष्टी तर कुठल्याच दुकानात सुट्या मिळत नाहीत. म्हणून पैसे आधी तिथे घाला. एसएसडी ५१२ऐवजी २५६ जीबीची मिळाली तरी आज चालवून घ्या, पुढच्या वर्षी बदलाल.

याचं उत्तम उदाहरण रॅमचं आहे. आज ८ जीबी म्हणजे जेमतेम. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, एक ऑनलाइन मीटिंग आणि वर्डची फाइल एकत्र उघडली की ती भरते. फोटो, डिझाइन, व्हिडिओ यांपैकी काही करायचं असेल तर १६ जीबी धरा. पण आकड्यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये बसते हा. स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढे १६ करता येतील. सोल्डर केलेली असेल आणि स्लॉट नसेल, तर ८ जीबीचं यंत्र शेवटपर्यंत ८ जीबीचंच राहणार. हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका, कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात बघा. आणखी एक, स्वस्त लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे चित्रं हलवण्याचं कामही याच रॅममधून चालतं. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या बसवल्या तर ग्राफिक्सला वेग येतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा ‘नंतर वाढवू’ म्हणताना तो खर्चही आधीच मनात धरा.

आता प्रोसेसरकडे येऊ, कारण तिथे नावांचा घोळ मुद्दाम घातल्यासारखा आहे. इंटेलच्या आय५-८२५०यूमधला पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी. आय५-१२३५यूमध्ये पहिले दोन आकडे, म्हणजे बारावी. नुसतं ‘आय५’ म्हणणं निरर्थक आहे, कारण अकराव्या-बाराव्या पिढीचा आय३ सहाव्या पिढीच्या आय५ला सहज मागे टाकतो. एएमडीच्या ७०००च्या मालिकेत तर पहिला आकडा फक्त बाजारात आल्याचं साल दाखवतो, आतली रचना कुठल्या काळातली हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, ऐकताना सख्खी भावंडं वाटतात. पहिल्यात २०१९ सालच्या रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात त्यापुढच्या रचनेचे सहा. शिवाय ७५२०यूबरोबर येणारी रॅम सोल्डर केलेलीच असते. दोन्ही लॅपटॉप दुकानात शेजारी मांडलेले असतात आणि किमतीत फारसा फरक नसतो. तिसरा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात, तेवढे खर्च करा.

अगदी खालच्या किमतीत सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असे लॅपटॉप मिळतात. ते घेऊ नका, असं मी सरळ सांगतो. विंडोज ११ला मुळात किमान ६४ जीबी जागा लागते. पुढे अपडेट आलं की जागाच उरत नाही, आणि शाळेच्या पहिल्या सहामाहीतच यंत्र रडायला लागतं. मुलाच्या हाती ‘काहीतरी’ द्यायचं म्हणून हे घेतलं जातं, आणि मुलाचं मत होतं की कॉम्प्युटर ही कंटाळवाणी वस्तू आहे. त्याच पैशात, किंवा थोडे वर घालून, जुना पण चांगल्या हाडापेराचा लॅपटॉप मिळतो.

जुन्याचं नाव काढलं की घरची मोठी माणसं नाराज होतात, ‘नवीनच घे, लोकांचं वापरलेलं कशाला?’ म्हणतात. त्यांना हे समजावून सांगा. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी हजारोंनी लॅपटॉप घेतात, बऱ्याचदा तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने, आणि मुदत संपली की ते एकगठ्ठा बाहेर काढतात. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ची मॉडेलं याच वाटेने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर आणि तिथून तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोहोचली. ऑफिससाठी बनवलेली ही यंत्रं दणकट असतात, कीबोर्ड सुरेख असतो, खालचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं आणि रॅमचे दोन-दोन स्लॉट असतात. बॅटरी आणि सुटे भागही मिळतात. नवा स्वस्त लॅपटॉप तीन वर्षांत बिजागरीपाशी फाटतो, तेव्हा ही मंडळी सातव्या-आठव्या वर्षीही धडधाकट असतात.

मात्र इथे एक लक्ष्मणरेषा आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिपही लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल एकदम स्वस्त झाला, आणि दुकानदार त्यावर आडवाटेने विंडोज ११ टाकून विकतात. आज चालेल, पुढच्या मोठ्या अपडेटला अडेल. मॉडेलच्या नावावर विसंबू नका, प्रोसेसरचा पूर्ण आकडा सेटिंगमध्ये उघडून बघा.

जुना घेताना दुकानात अर्धा तास काढाच. बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा म्हणा, विंडोजमध्ये त्याची सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. ५०,००० होते आणि ३५,००० उरले, म्हणजे सत्तर टक्के बॅटरी शिल्लक. त्याहून खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करायला लावा. पांढरा कोरा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून डाग बघा, मग काळा लावून कडांनी उजेड झिरपतो का ते बघा. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा. यूएसबीच्या सगळ्या खाचांत पेनड्राइव्ह घालून पाहा. बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये जाऊन पासवर्ड मागतो का ते तपासा. जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप आत राहिलेलं असेल तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त असो, घेऊ नका. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर हवा.

ज्यांचं काम रंगांचं आहे त्यांना स्क्रीनबद्दल वेगळं सांगायला हवं. स्वस्त लॅपटॉपच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसेल. ही स्क्रीन मजकूर वाचायला ठीक, पण तिच्यावर रंग कमी दिसतात. लग्नपत्रिकेतला कुंकवाचा लाल तिच्यावर विटकरी दिसतो. तुम्ही तो गडद करत जाता, आणि छापखान्यातून भलताच रंग येतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेली स्क्रीन मिळाली तर थोडे पैसे जास्त मोजा. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८०पेक्षा कमी नको, आणि आयपीएस पॅनल हवं. दुकानात स्क्रीन मागे-पुढे कलवून बघा, रंग उलटेपालटे होत असतील तर ती डिझाइनच्या कामाची नाही. वर सांगितलेल्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपची हीच दुखरी बाजू आहे, त्यांच्या बऱ्याच स्क्रीन फिक्या असतात. काम घरीच बसून होणार असेल तर त्यावर सोपा उपाय म्हणजे वेगळा २४ इंची आयपीएस मॉनिटर. लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो, आणि मानही वाकत नाही.

कामाप्रमाणे यंत्र, एवढंच बाकी. लेखन, हिशेब, ब्राउझिंग, ऑडासिटीवर पॉडकास्ट कापणं याला वर सांगितलेला जुना लॅपटॉप पुरून उरतो. क्रिटावर चित्रं काढायची तर टचस्क्रीनसाठी जास्तीचे पैसे न घालता वेगळा पेन टॅबलेट घ्या. मोबाइलवर काढलेला फोर-के व्हिडिओ साध्या लॅपटॉपवर अडखळतो, पण केडेनलाइव्ह आणि दाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींत ‘प्रॉक्सी’ची सोय आहे. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रतींवर कापाकापी करायची, शेवटी निर्यात मूळ चित्रणातून होते. रिझॉल्व्हला मात्र १६ जीबी रॅम द्याच. रोज व्हिडिओ करणारे आणि ब्लेंडरवर थ्रीडी शिकणारे यांनी ‘गेमिंग’ या शब्दाला नाक मुरडू नये. वेगळं ग्राफिक्स कार्ड कमी पैशांत बहुधा त्याच लॅपटॉपमध्ये मिळतं. तो जड असतो आणि बॅटरीवर फार टिकत नाही, हे स्वीकारून घ्या.

घरात सातव्या पिढीचा लॅपटॉप पडून असेल तर भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स मिंट टाकून बघा. लिबरऑफिस, ब्राउझर, इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड, सगळं फुकट आणि व्यवस्थित चालतं. निवृत्त आईवडिलांना तेवढं पुरतं. पण तुमचं काम छापखान्याच्या जुन्या फॉन्टवर, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर या वाटेला जाऊ नका, विंडोजच ठेवा.

‘सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो’ असं दुकानदार प्रेमाने म्हणेल, तेव्हा हात जोडून नको म्हणा. फुकटच्या फोटोशॉपबरोबर काय आत येतं हे त्यालाही ठाऊक नसतं. विंडोजचं खातं तर त्याच्या ईमेलने कधीच उघडू देऊ नका. विंडोज ११ बऱ्याच यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि कुलपाची किल्ली त्या खात्यात ठेवतं. उद्या मदरबोर्ड बदलला आणि यंत्राने ती मागितली, तर किल्ली कुण्या सेल्समनच्या खात्यात, आणि तो नोकरी सोडून गेलेला. खातं स्वतःचं उघडा आणि ती किल्ली एका कागदावर उतरवून ठेवा. एसएसडीचं आणखी एक सांगतो. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरायची, एसएसडी मुकाट्याने जाते, आणि तिच्यावरून पुसलेलं परत मिळवणं फार अवघड. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवाच.

देखभालीत उष्णता हा मोठा शत्रू. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवला की खालच्या हवेच्या खिडक्या बंद होतात, पंखा किंचाळतो आणि यंत्र स्वतःहून वेग कमी करतं. लोक म्हणतात ‘व्हायरस आलाय’. कडक पाटावर ठेवा, निम्मे व्हायरस जातील. वर्षातून एकदा खालचं झाकण उघडून पंख्याची धूळ काढून घ्या, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून. तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरची पेस्टही बदलून घ्या. दिवसभर चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपला चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये ती सोय असते. लिथियमची बॅटरी सतत शंभरावर आणि वर गरम राहिली की लवकर थकते. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत लॅपटॉप बॅगेत महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नका, अधूनमधून चालू करा. वीज कडाडायला लागली की चार्जर आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या, आणि तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जुगाड लावला असेल तर तो काढा.

चहा सांडला तर क्षणात बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा पालथा ठेवा आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात पुरू नका, हेअर ड्रायर मारू नका, ‘वाळला असेल’ म्हणून चालू करून बघू नका. आणि टचपॅड मधूनच वर उचललेला दिसला, किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर खाली बॅटरी फुगली आहे असं समजा. त्या दिवसापासून चार्ज करू नका, दाबून बसवू नका, स्वतः उचकटू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घ्या आणि जुनी त्यांच्याकडेच सोडा. घरी आणून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, पोत्यात ती दबली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेते.